सापळा माडाला टांगू नका

नारळाच्या बागेत गंध सापळा, म्हणजे वासाच्या पुडीने भुंगे बोलावून पकडणारी बादली, दिसला की आधी एकच गोष्ट बघावी, तो कशाला टांगलाय. बऱ्याचदा तो थेट माडाच्या खोडाला, डोळ्यांच्या उंचीवर, खिळा ठोकून अडकवलेला असतो. म्हणजे खोडाला ताजी जखम, तिच्यातून पाझरणारा रस, आणि हातभर अंतरावर भुंग्यांना हाका मारणारी पुडी. माडाचं खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला याहून बरं आमंत्रण कुणी देणार नाही. मग दोन-तीन वर्षांनी नेमका तोच माड शेंड्यातून कोलमडतो आणि दोष सापळ्याच्या माथी जातो. दोष सापळ्याचा नसतो, खिळ्याचा असतो.

गंध सापळ्याचं एक धोरण समजून घेतलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हा सापळा जितके भुंगे पकडतो त्याहून जास्त बोलावतो. बोलावलेले सगळेच बादलीत पडत नाहीत, काही आजूबाजूला उतरतात. त्यामुळे सापळ्याच्या आसपास काय आहे आणि आलेला भुंगा आत पडून बुडेल अशी बादलीची तयारी आहे का, यावर सगळं ठरतं. पुडी कुठल्या कंपनीची हा त्यानंतरचा प्रश्न.

आपल्याकडे माडाला छळणारे भुंगे दोन, आणि दोघांची मिलीभगत आहे. गेंड्या भुंगा काळा, चकचकीत, डोक्यावर शिंग असलेला. तो वाढतो शेणखतात आणि कुजक्या ओंडक्यात, पण खायला येतो माडाच्या शेंड्यात, तेही रात्री. न उमललेल्या कोंबाला भोक पाडून आतला कोवळा गर चावतो आणि रस पितो. भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला चोथा दिसतो. तेच पान पुढे उलगडलं की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. मोठा माड सहसा यानं मरत नाही. पण ती जखम म्हणजे दुसऱ्यासाठी उघडं दार. दुसरा हा सोंड्या, तांबूस रंगाचा, पुढे वाकडी लांब सोंड असलेला. त्याची मादी जखमेत, सालीच्या चिरेत, तोडलेल्या झावळीच्या ओल्या बुडख्यात अंडी घालते, जन्मभरात साधारण २०० ते ३००. बिनपायाच्या पांढरट अळ्या महिना-दोन महिने खोड आतून पोखरतात आणि माडाच्याच धाग्यांचा कोश विणून त्यात बसतात. बाहेर तांबडा चिकट रस ओघळलेला दिसतो किंवा खोडाला कान लावल्यावर करकर ऐकू येते, तोवर आतला बराचसा भाग भुसा झालेला असतो. पाच ते वीस वर्षांच्या माडांना सोंड्याचा धोका सर्वांत जास्त.

आता गंधाबद्दल. दुकानात सगळ्यालाच ‘कामगंध सापळा’ म्हणतात, पण इथे तो शब्द थोडा फसवा आहे. कपाशीच्या बोंडअळीच्या सापळ्यात मादीचा वास असतो आणि फक्त नर पतंग येतात. माडाच्या या दोन्ही भुंग्यांत वास सोडतो तो नर, आणि तो वास ‘इथे खायला आहे, या’ असा असतो. त्यामुळे नर-मादी दोघंही येतात, माद्या जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच अंडी घालायला तयार असलेल्या. म्हणूनच इथे एकेका भुंग्याला किंमत आहे. सोंड्याच्या पुडीत मुख्य रसायन ४-मिथाइल-५-नोनॅनॉल, ज्याला फेरुजिनिऑल म्हणतात, आणि सोबत थोडं फेरुजिनिऑन, साधारण नवास एक. गेंड्याच्या पुडीत इथाइल ४-मिथाइलऑक्टॅनोएट. दोन्ही १९९०च्या दशकात ओळखली गेली. दोन्ही पुड्या एकाच बादलीत घालून पैसे वाचवायचा मोह टाळावा. एक भुंगा चढून आत शिरतो, दुसरा उडत येऊन आपटतो. दोघांना लागणारी बादलीही वेगळी आणि उंचीही वेगळी.

सोंड्याची बादली घरी सहज होते. ५ ते १० लिटरची झाकणाची प्लास्टिकची बादली घ्या, रंग शक्यतो काळा, तपकिरी किंवा लाल. रंगाचा रिकामा डबा वापरायचा असेल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन उन्हात ठेवा. वरच्या काठाखाली समान अंतरावर चार खिडक्या कापा, प्रत्येक साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच. कापल्यावर आतल्या बाजूला प्लास्टिकचे कंगोरे राहिले तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून काढा, कारण आत पडलेला सोंड्या नखं रुतवायला अशीच जागा शोधतो. आतली भिंत गुळगुळीत हवी. बाहेरची मात्र उलट, खरखरीत हवी. सोंड्या थेट खिडकीतून उडत आत येत नाही, तो बादलीवर उतरतो आणि चालत वर चढतो. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय टिकत नाहीत, घसरून खाली पडतो आणि समोर दिसेल त्या माडाकडे जातो. म्हणून तळापासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत गोणपाट घट्ट गुंडाळून तारेने बांधा. घड्या पडू देऊ नका, घडीत भुंगे लपून बसतात. गोणपाट आणि खिडकी यांच्यामध्ये दोन बोटं प्लास्टिक उघडं राहिलं तरी चढणारा तिथेच अडतो. किरकोळ वाटणारी ही पट्टी, पण ‘पुडी चांगली असूनही भुंगे पडत नाहीत’ या तक्रारीचं कारण अनेकदा तिथेच सापडतं.

पुडी झाकणाच्या आतल्या बाजूला तारेने टांगायची, खिडकीच्या उंचीवर. सुतळी नको, ती कुजते आणि पुडी खालच्या पाण्यात पडते. पाण्यात पडलेली पुडी गेलीच समजा. पुडी कापायची किंवा टोचायची नसते, तिच्या आवरणातूनच गंध मोजून-मापून बाहेर पडतो. कुपीचा प्रकार असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे फक्त टोपण काढा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळूनच पुडी धरा. तोच हात नंतर कोवळ्या माडाच्या झावळीला लावू नका.

नुसत्या पुडीवर सोंड्या फारसा भुलत नाही. तिच्या जोडीला आंबलेल्या अन्नाचा वास लागतो, दोन्ही एकत्र आले की पकड कितीतरी वाढते. पाकिटावर बहुधा खजूर लिहिलेला असतो. त्याचं कारण असं की आपल्याकडचा हा सोंड्या १९८०च्या दशकात आखाती देशांतल्या खजुराच्या बागांत शिरला आणि सापळ्यांवरचं पुष्कळसं संशोधन तिकडेच झालं. गोव्यातही एला इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) केंद्रात नारळाच्या बागांमध्ये या सापळ्यांवर काम झालं आहे. आपल्याला खजूरच हवा असं नाही. दोन लिटर पाणी, पाव किलो उसाची चिरलेली कांडी किंवा जास्त पिकलेली केळी, मूठभर गूळ आणि ५ ग्रॅम यीस्ट एवढं पुरतं. कोवळ्या झावळीच्या देठाचे उभे चिरलेले तुकडेही चालतात. माकडांचा उपद्रव असेल तिथे केळी नकोच, बादली शाबूत राहणार नाही. कांडी आणि देठ दगड बांधून बुडवा. तरंगणारा तुकडा म्हणजे बुडणाऱ्या सोंड्याला होडी. तो त्यावर चढतो, अंग वाळवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी मिश्रण फसफसायला लागलं की त्यात चिमूटभर धुण्याची पावडर टाका, म्हणजे पाण्याचा ताण मोडतो आणि पडलेला भुंगा लगेच खाली जातो. सुवासिक पावडर नको. पाण्याची पातळी खिडक्यांच्या किमान चार बोटं खाली असावी.

देखभालीत माणसं कमी पडतात ती इथेच. पुडी तीन-चार महिने चालते, म्हणून सापळाही तीन-चार महिने बघायचा नाही असा समज होतो. आमिष दहा-पंधरा दिवसांनी बदलावंच लागतं. मार्च ते मे या काळात आठवड्यातच पाणी आटतं. कोरड्या बादलीत गूळ-यीस्टचा लगदा भिंतीवर सुकतो आणि त्या खरबरीत थरावरून भुंगे सहज वर चढून येतात. म्हणजे पुडी चालू, बोलावणं चालू, पकडणं बंद. अशी कोरडी बादली बागेत असण्यापेक्षा नसलेली बरी. बदलताना आतली भिंत काथ्याने घासून धुवा. काढलेलं आमिष माडाच्या आळ्यात ओतू नका, त्या वासावरही सोंड्या येतो. बागेबाहेर खड्डा करून पुरा.

पावसाळ्यात उलटी गंमत. कोकणच्या पावसात झाकण असूनही तिरप्या सरीने खिडकीतून पाणी शिरतं, आमिष पातळ होतं, बादली भरते आणि मेलेले-अर्धमेले भुंगे तरंगत खिडकीपाशी येतात. खिडक्यांच्या चार बोटं खाली ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडून ठेवा, जास्तीचं पाणी तिथून जाईल आणि भुंगा जाणार नाही. झाकणावर जुन्या पत्र्याची किंवा फ्लेक्सची वीतभर बाहेर आलेली टोपी बसवली तर आणखी चांगलं.

आता पुन्हा जागेकडे. नारळाची लागवड साडेसात मीटरवर असेल तर चार माडांच्या अगदी मधोमध उभं राहिलं तरी प्रत्येक माड सव्वापाच मीटरवरच येतो. म्हणजे बागेच्या आत सुरक्षित जागा अशी नसतेच. सापळा बागेच्या कडेला, बांधावरच्या फणसाला, आंब्याला किंवा स्वतंत्र खांबाला टांगा, आणि ज्या बाजूला कोवळे माड आहेत त्याच्या उलट बाजूला. सोंड्याची बादली जमिनीपासून एक ते दीड मीटरवर, सावलीत. उन्हात पुडी निम्म्या काळात सुकते. प्रमाण हेक्टरी एक सापळा. हे वाचून दहा-पंधरा माडांच्या परसवाले लगेच एक सापळा आणतात आणि हिशेब तिथेच चुकतो. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास माड. वीस माडांत एकट्याने लावलेला सापळा अख्ख्या वाडीतले भुंगे आपल्या अंगणात गोळा करतो. वाडीतल्या आठ-नऊ घरांनी मिळून एक सापळा, वाडीच्या कडेला, पाळीपाळीने आमिष बदलायचं, हेच खरं मोजमाप. हे जमवणं बादली करण्यापेक्षा अवघड आहे हे कबूल.

गेंड्याचा सापळा वेगळा. हा भुंगा रात्री जड अंगाने घरघरत उडतो आणि समोर काही आलं की आपटतो. म्हणून इथे गोणपाटाऐवजी पंख लागतात. पातळ पत्र्याचे किंवा प्लास्टिकच्या शीटचे दोन तुकडे एकमेकांत फुलीसारखे अडकवून बादलीच्या तोंडावर उभे करायचे आणि मधोमध पुडी टांगायची. भुंगा पंखावर आदळतो आणि खाली पडतो. खाण्याचं आमिष नाही घातलं तरी चालतं. तळाला साबणाचं पाणी ठेवा, किंवा तळाला बारीक भोकं पाडून बादली कोरडी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करा. दुसरा प्रकार पीव्हीसी पाइपचा. सुमारे दोन मीटर लांबीचा सहा इंची पाइप उभा करायचा, तळाला टोपण, वरच्या टोकाजवळ खिडक्या आणि तिथेच पुडी. आत पडलेल्या गेंड्याला एवढ्या अरुंद नळीत पंख पसरून सरळ वर उडता येत नाही. पावसात टिकायला पाइप बादलीपेक्षा मजबूत, फक्त तळाच्या टोपणाला पाणी जायला भोकं हवीत. गेंड्याचा सापळा खांबावर तीन मीटरच्या आसपास उंच लावावा. मोसमी पाऊस सुरू झाला की खतातून नवे भुंगे बाहेर पडतात, म्हणून मेअखेर तो तयार हवा. जूनमध्ये आठवण होऊन जुलैत लावला तर पहिली फळी शेंड्यात जाऊन बसलेली असते.

पुडी मिळाली नाही तर जुना उपाय आहेच. मातीच्या मडक्यात एक किलो एरंडीची पेंड पाच लिटर पाण्यात भिजवायची आणि मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं. वास इतका सुटतो की घराजवळ कुणी ठेवू देत नाही, पण गेंडे येतात. पेंड सुकू द्यायची नाही आणि मेलेले भुंगे रोज काढायचे, एवढंच.

पकडलेले भुंगे मोजा, आणि नर-मादी वेगळे मोजा. सोंड्याची सोंड उजेडात धरून बघा. पुढच्या भागावर, वरच्या अंगाला तपकिरी केसांचा छोटा ब्रशसारखा झुबका असेल तर नर, सोंड साफ गुळगुळीत असेल तर मादी. गेंड्यात नराचं शिंग लांब, मादीचं आखूड. पण शिंगावर फसायला होतं, म्हणून भुंगा उलटा करून शेपटाकडचं टोक बघा. तिथे तांबूस केसांची दाट लव असेल तर मादी. वहीत तारीख, नर, मादी, आमिष कधी बदललं, पाऊस होता का, एवढे पाच रकाने पुरेत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा मोठा येतो, साठलेले भुंगे येतात म्हणून. नंतर उतरतो. उतरला म्हणून सापळा काढायचा नाही, आणि शून्यावर आला म्हणून खूशही व्हायचं नाही. शून्य आलं की आधी आमिष हुंगा, मग पुडीतला द्रव उरलाय का बघा, मग गोणपाट सरकलंय का ते बघा. तिन्ही ठीक असतील तरच भुंगा कमी झाला असं म्हणा.

माडाच्या आत शिरलेल्या अळ्यांवर सापळ्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यांना पुडीचा वास कळत नाही, त्या चरत राहतात. पोखरून मेलेला माड उभा ठेवला तर त्यातूनच पुढची पिढी बाहेर येते. तो तोडून, खोड चिरून, आतल्या अळ्या आणि कोशांसकट जाळायचा. झावळी तोडताना खोडालगत साफ कापायची सवयही मोडायला हवी. हातभराहून लांब, म्हणजे मीटरभर देठ ठेवून कापली तर सोंड्या देठातून खोडापर्यंत पोचण्याआधी ते सुकून गेलेलं असतं.

गेंड्याचं मूळ तर बागेत नसतंच, ते गायरीत असतं. शेणखताच्या खड्ड्यात फावडं घातलं की पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, बोटाएवढ्या जाड अळ्या निघतात, त्या याच. खत दोन-तीन महिन्यांनी उलथलं की अळ्या वर येतात आणि कोंबड्या-कावळे बाकीचं काम करतात. मेटारायझियम बुरशी खतात मिसळली तर ओल असेपर्यंत ती अळ्यांना लागत राहते, मेलेली अळी आधी कडक होते आणि मग तिच्यावर हिरवी भुकटी धरते. खत कोरडं पडलं की बुरशीही थंडावते, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी मिसळणं बरं. २०२०च्या निसर्ग आणि २०२१च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावर जे माड आडवे झाले, त्यांतले जे ओंडके बांधाला कुजत पडून राहिले ते सगळे गेंड्याचे पाळणेच. असा ओंडका बाजूला असताना सापळा लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. कोवळ्या माडांच्या शेंड्यात, वरच्या तीन-चार पानांच्या बेचक्यांत, २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून भरली की गेंड्याला आत घुसणं नकोसं होतं. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर असं वर्षातून तीनदा.

एकट्या सापळ्याच्या जोरावर भुंगा हटत नाही, हे नारळापुरतंच खरं आहे असं नाही. नॉर्वेत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जंगलांत सालीखालच्या भुंगेऱ्यांनी थैमान घातलं तेव्हा १९७९ साली तिथे गंधाचे जवळपास सहा लाख सापळे लावले होते. त्यांत अब्जावधी भुंगेरे सापडले, आणि तरीही त्या साथीला आवर कुणी घातला, सापळ्यांनी की पडलेली झाडं वेळेत हलवण्याने आणि हवामानाने, यावर जाणकारांचं एकमत नाही. सापळा जिवंत स्प्रूसपासून दहा-पंधरा मीटर तरी लांब ठेवायचा हा तिथला नियम. तो आपल्या फणसावर टांगलेल्या बादलीचाच भाऊ आहे.

राहता राहिल्या वापरलेल्या पुड्या. ‘संपली’ म्हणून बदललेली पुडी पूर्ण संपलेली नसते, तिचा क्षीण वास काही आठवडे येत राहतो. ती माडाच्या बुंध्याशी फेकली की तिथे बिनबादलीचा सापळा तयार होतो. जुन्या पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बागेपासून दूर, इतर औषधांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर पुरा. नव्या पुड्या सीलबंद पाकिटातच, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर घरात कुणीतरी तो मसाला समजून उघडतं.